पहिला घास : सागरी शोभिवंत माशांच्या पैदाशीचा इतिहास

२०२४ साली तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम येथून एक छोटीशी बातमी आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) तेथील केंद्रात अझूर डॅमसेल आणि ऑर्नेट गोबी या दोन शोभिवंत सागरी माशांची बंदिस्त पैदास यशस्वी झाली होती. अवकाशयाने आणि दुर्बिणींच्या वृत्तांपुढे अशा बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बोटभर लांबीचा निळा-पिवळा मासा टाकीत जन्मला, यात एवढे विशेष ते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

या माशांचा ग्राहक बहुधा समुद्रकाठी राहत नाही. बेंगळूरुचेच उदाहरण घ्यावे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन्ही समुद्र तेथून जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर आहेत. कब्बन पार्कमध्ये १९८३ पासूनचे सरकारी मत्स्यालय आहे, हेसरघट्टा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाचे संशोधन केंद्र आहे. शहराची परंपरा तळ्यांची आणि गोड्या पाण्याची. तरीही आज येथील घरांत आणि कार्यालयांच्या स्वागतकक्षांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या आढळतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टाकीसाठी सुमारे सात किलो मीठमिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे लागते. अशा रीतीने पठारावर समुद्र तयार करता येतो. त्या समुद्रात सोडलेला मासा कोठून आला, हा प्रश्न मात्र उरतो.

२००३ साली संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या जागतिक संवर्धन संनियंत्रण केंद्राने या व्यापाराचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार दरवर्षी २ ते २.४ कोटी सागरी शोभिवंत मासे विकले जात होते आणि त्यांत १,४७१ जातींचा समावेश होता. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांपैकी सुमारे ९० टक्के मासे पैदास केंद्रांत जन्मलेले असतात. सागरी माशांची स्थिती याच्या अगदी उलट होती. त्यांतील फारच थोडे टाकीत जन्मले होते. बाकी सारे प्रवाळखडकांवरून पकडलेले. पकडण्याची एक रीत तर विशेष घातक होती. १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या या रीतीत सोडियम सायनाइडचे द्रावण खडकांच्या कपारींत फवारले जाई. मासा गुंगतो आणि हाती लागतो. पण ज्या प्रवाळावर ते द्रावण पडते, तो प्रवाळ मरतो. एका माशासाठी अनेक माशांचे घर मोडणारा हा व्यवहार होता.

मग हे मासे टाकीतच का जन्माला घातले गेले नाहीत? याचे पहिले कारण पाण्याचे होते आणि ते लवकर दूर झाले. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले आणि ते घरी जिवंत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतावे लागे, आणि हे काम त्यांची मोलकरीण करीत असे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास त्यांनी चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृती दिली. समुद्र नसलेल्या शहरांत समुद्र ठेवण्याची वाट तेव्हाच मोकळी झाली.

आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. मरीन ड्राइव्हवरील या वास्तूने महाराष्ट्रातील कितीतरी मुलांना प्रवाळखडकांवरील मासे प्रथम दाखवले. पण त्या काळी जगातील सागरी मत्स्यालयांची सर्वसाधारण रीत एकच होती : मासा समुद्रातून आणायचा, जगेल तितका जगवायचा, आणि मेला की दुसरा आणायचा. टाकीत समुद्र आला होता. समुद्रातले जीवनचक्र मात्र आले नव्हते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती आणि ती ओळखण्यासाठीच विसावे शतक उजाडावे लागले. गोड्या पाण्यातील गप्पी किंवा मॉली जिवंत पिल्ले देतात. जन्मताच ती कुटलेले कोरडे खाद्य खाऊ लागतात. कटला आणि रोहू यांच्या बाबतीत प्रश्न होता तो तळ्यात अंडी घालवून घेण्याचा. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तो सोडवला. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. सागरी शोभिवंत माशांची गोष्ट निराळी होती. त्यांतील काही जाती टाकीत आपण होऊन अंडी घालीत, अंडी फुटतही. पण अळ्या काही दिवसांत मरून जात.

त्या का मरतात, याचा अंदाज नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ साली बांधला होता. अंड्यातील पिवळा बलक संपण्याच्या सुमारास अळीला बाहेरचे योग्य अन्न मिळाले नाही, तर पूर्ण पिढीच नष्ट होऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॉड आणि हेरिंग यांच्या उत्पादनातील चढउतारांचा उलगडा करण्यासाठी मांडलेला हा विचार पुढे प्रत्येक उबवणी केंद्राचा मुख्य प्रश्न ठरला. अळीला पहिला घास कोणता द्यायचा?

या टप्प्यावर भौतिकशास्त्राचा थोडा आधार घेणे उपयोगाचे ठरते. दहा सेंटिमीटर लांबीचा मासा सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने पोहतो, तेव्हा त्याच्या भोवतीच्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक सुमारे वीस हजार असतो. अशा प्रवाहात जडत्वाचे वर्चस्व असते. शेपटीचा एक फटकारा मारला की मासा पुढे सरकत राहतो. तीन मिलिमीटरची अळी सेकंदाला एक सेंटिमीटर पोहत असेल, तर हाच अंक तीसच्या आसपास येतो. तिच्या दृष्टीने पाणी दाट आणि चिकट आहे. तोंड उघडून पाणी आत ओढले तरी भक्ष्य त्याबरोबर सहज येत नाही. इस्रायलमधील व्हिक्टर चायना आणि रोई होल्झमन यांनी २०१४ साली याचा प्रयोगच करून दाखवला. त्यांनी पाण्यात डेक्स्ट्रान मिसळून त्याचा चिकटपणा वाढवला, तेव्हा मोठ्या अळ्यांची भक्ष्य पकडण्याची क्षमताही लहान अळ्यांसारखी खालावली. अन्न समोर असूनही प्रवाहाच्या नियमांमुळे होणाऱ्या या उपासमारीला त्यांनी ‘जलगतिकीय उपासमार’ म्हटले. म्हणून अळीचे अन्न तिच्या इवल्याशा तोंडात मावेल इतके लहान, सहज गाठता येईल इतके संथ आणि पाण्यात पुरेसे दाटीने पसरलेले असावे लागते. शिवाय ते जिवंत हवे, कारण बहुतेक अळ्या हलणाऱ्या वस्तूवरच झडप घालतात.

असे अन्न शोधण्यात अर्धे शतक गेले. अमेरिकेत सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी १९३९ साली आर्टेमिया या खाऱ्या तळ्यांतील चिमुकल्या जिवाची पिल्ले माशांच्या अळ्यांना चारता येतात, हे दाखवून दिले. आर्टेमियाची सुकी अंडी डब्यात साठवता येतात आणि हवी तेव्हा एका दिवसात उबवता येतात, ही तिची मोठी सोय. परंतु नवजात सागरी अळ्यांपैकी अनेकींना तीही मोठी पडे. पुढचे उत्तर जपानमध्ये सापडले, तेही एका उपद्रवातून. तेथील ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव अचानक बेसुमार वाढत, शैवाल फस्त करीत आणि पाणी बिघडवीत. १९६० साली ताकाशी इतो यांनी याच जिवाची खाऱ्या पाण्यात वाढ करून तो अळ्यांचे खाद्य म्हणून वापरण्याचा मार्ग मांडला. रोटिफर मिलिमीटरच्या एक ते तीन दशांश एवढाच असतो, संथ पोहतो, आणि मादी नराविना पिल्ले देत असल्याने त्याची संख्या झपाट्याने वाढते. ज्या जिवामुळे ईलपालक हैराण होते, तोच जगभरच्या उबवणी केंद्रांचा आधार बनला.

याच आधारावर १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी विदूषक माशाची, म्हणजे क्लाउनफिशची, व्यापारी पैदास सुरू केली. या माशाची निवड योगायोगाची नव्हती. तो समुद्रफुलाच्या पायथ्याशी टणक पृष्ठभागावर अंडी चिकटवतो, नर त्यांची राखण करतो, आणि आठवडाभराने सूर्यास्तानंतर अंधारात जी अळी बाहेर पडते ती तीन-चार मिलिमीटरची, डोळे आणि तोंड तयार असलेली असते. तिला पहिल्या दिवसापासून रोटिफर खाता येतो. जोडी जमवणेही सोपे असते. १९७७ साली हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी दाखवले की या माशांत सर्वांत मोठा मासा मादी असतो, आणि ती नाहीशी झाली की तिचा नर स्वतः मादी बनतो. त्यामुळे कोणतीही दोन लहान पिल्ले एकत्र वाढवली तरी कालांतराने त्यांची जोडी बनते.

भारतात या कामाचे मुख्य केंद्र विळिंजम ठरले. सीएमएफआरआयची स्थापना १९४७ सालची. सुरुवातीची अनेक दशके तिचा भर अर्थातच खाण्याच्या माशांवर होता. १९९९ साली जी. गोपकुमार, राणी मेरी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी विदूषक माशाच्या प्रजननाचे आणि अळीसंगोपनाचे वृत्त संस्थेच्या तांत्रिक पत्रिकेत प्रसिद्ध केले. २००२ साली तीन डॅमसेल जातींचे वृत्त आले. या कामाचे स्वरूप बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. एका टाकीत शैवाल वाढवायचे, दुसरीत त्या शैवालावर रोटिफर पोसायचे, तिसरीत प्रजनक जोडी राखायची, आणि अंडी फुटण्याच्या रात्री या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तयार असतील असे पाहायचे. शैवालाची टाकी एक दिवस बिघडली, तर रोटिफर उपाशी राहतात आणि त्यांच्यापाठोपाठ अळ्या मरतात. या साखळीला सुट्टी नसते.

तिसरी पायरी त्याहूनही अवघड होती. प्रवाळखडकांवरील असंख्य मासे अंडी कोठेही चिकटवीत नाहीत, ती उघड्या पाण्यात सोडून देतात. त्या अंड्यांचा व्यास एक मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. त्यांतून निघालेल्या अळीला सुरुवातीला तोंडही नसते. दोन-तीन दिवसांनी ते उघडते, तेव्हा रोटिफरही त्यात मावत नाही. तिचे नैसर्गिक अन्न म्हणजे कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांची पिल्ले. ती आकाराने लहान असतात आणि अळीच्या मेंदू-डोळ्यांच्या वाढीला लागणारी मेदाम्ले त्यांच्यात मुळातच असतात; रोटिफरला ती बाहेरून चारावी लागतात. पण कोपेपॉड दाटीत वाढत नाहीत, म्हणून त्यांची मोठ्या प्रमाणावर जोपासना करणे हेच एक वेगळे शास्त्र बनले. पार्व्होकॅलनस या कोपेपॉडच्या साहाय्याने हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ साली यलो टँग वाढवला. २०१६ साली फ्लोरिडात निळ्या टँगची पैदास साधली; चित्रपटामुळे लहान मुले ज्याला ‘डोरी’ म्हणून ओळखतात, तोच हा मासा. विळिंजम येथे एम. के. अनिल आणि सहकाऱ्यांनी मार्सिया अँथियस या माशाची पाणी फिरवून शुद्ध करणाऱ्या बंदिस्त यंत्रणेत पैदास केली आणि २०१८ साली तिचे वृत्त आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. २०२४ ची बातमी या मालिकेतील पुढचा दुवा होती. तिचे विशेष ते हेच.

पाण्याचा प्रश्न सुटला, पहिल्या घासाचा प्रश्नही एकेका जातीपुरता सुटत चालला. मग प्रवाळखडक सुरक्षित झाले, असे म्हणता येईल काय? इंडोनेशियातील बांग्गाई कार्डिनल माशाचा इतिहास तसे म्हणू देत नाही. कौमन्स यांनी १९३३ साली वर्णिलेला हा मासा मुख्यतः बांग्गाई बेटांच्या परिसरातच आढळतो. १९९० च्या दशकात तो पुन्हा प्रकाशात आला आणि शोभेच्या बाजारात त्याला प्रचंड मागणी आली. त्याचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो. उघड्या पाण्यात तरंगणारी नाजूक अळी या जातीत नसतेच. म्हणजे पैदाशीला सोप्या अशा माशांपैकी हा एक. तरीही त्याची समुद्रातील पकड इतकी वाढली की २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले. कारण अगदी साधे होते : पकडलेला मासा पैदास केलेल्या माशापेक्षा स्वस्त पडत होता. वर्षानुवर्षे शैवाल, रोटिफर आणि वीज यांवर होणारा खर्च एका बाजूला, आणि जाळे घेऊन बुडी मारणाऱ्या गरीब माणसाची अल्प मजुरी दुसऱ्या बाजूला. शास्त्राने सोडवलेला प्रश्न बाजाराने पुन्हा उभा केला.

कायद्याची वाटही सरळ नाही. २००१ साली भारतात सर्व घोडामाशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पुढे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन ठिपक्यांच्या घोडामाशाचे बंदिस्त प्रजनन आणि मोठ्या प्रमाणावरील संगोपन यशस्वी केले. २००९ साली ते काम प्रसिद्ध झाले. ज्ञान हाती आले, पण संरक्षित प्राण्याचा व्यापार कायद्याने बंदच आहे, आणि तो बंद असण्यालाही सबळ कारण आहे : विक्रीस ठेवलेला प्राणी टाकीत जन्मला की समुद्रातून चोरून आणला, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यटाक्यांच्या व्यापारासाठी काढलेल्या नियमांत १५८ जातींच्या प्रदर्शनास मनाई केली होती आणि त्यांत विदूषक मासाही होता. सरकारी प्रयोगशाळांनी ज्याची पैदास वर्षानुवर्षे परिश्रमाने साधली, तोच मासा या यादीत आला. नियम पुढे मागे घेण्यात आले. त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र खरा होता : जन्मस्थानाची खात्री कशी करायची?

या प्रश्नाला जोडूनच आणखी एक प्रश्न येतो, तो उपजीविकेचा. पाणी फिरवून शुद्ध करणारी यंत्रणा आणि मीठमिश्रण उपलब्ध असताना पैदास केंद्र बेंगळूरुतही उभारता येईल. ग्राहक तेथेच आहे, वाहतुकीचा खर्च वाचेल. तसे झाले तर समुद्रातून मासे कमी काढले जातील हे खरे. पण बेटांवरील आणि किनाऱ्यावरील माणसाला प्रवाळखडक जिवंत ठेवण्यातून काय मिळणार, याचे उत्तर त्यात नाही. म्हणूनच राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर घेतलेला मार्ग लक्ष देण्याजोगा आहे. तेथे शोभिवंत सागरी कोळंबीची पैदास शास्त्रज्ञांनी करायची आणि पिल्ले वाढवण्याचे काम बेटावरील महिलांच्या गटांनी करायचे, अशी योजना राबवण्यात आली. महाराष्ट्रात ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाने याच ब्यूरोच्या साहाय्याने विदूषक माशांचे उबवणी केंद्र सुरू केले. अवघड भाग प्रयोगशाळेत ठेवायचा आणि वाढवण्याचा, विकण्याचा भाग किनाऱ्यावर न्यायचा, ही त्यामागील दृष्टी.

ही निवड तातडीची झाली आहे, कारण खडकांवर दुसरे संकट आधीच आले आहे. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्राचे तापमान वाढून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. तापलेल्या पाण्यात समुद्रफुलेही अशीच पांढरी पडतात, आणि समुद्रफुलाशिवाय विदूषक माशाला समुद्रात आसरा नाही. टाकीत वाढलेली हजारो पिल्ले उद्ध्वस्त खडकावर सोडून तो पुन्हा नांदता होणार नाही. पैदासशास्त्र खडकावरचा एक भार हलका करू शकते. खडकाची जागा ते घेऊ शकत नाही.

बेंगळूरुच्या ग्राहकाच्या हातात मात्र एक साधी गोष्ट आहे. दुकानात मासा निवडताना तो टाकीत जन्मलेला आहे काय, आणि असल्यास कोणत्या केंद्रात, हे विचारणे. टाकीत जन्मलेला मासा तयार खाद्याला सरावलेला असतो, काचेला आणि माणसाला सरावलेला असतो; नीट सांभाळला तर विदूषक मासा दहा वर्षांहूनही अधिक जगतो. समुद्रातून आलेल्या माशाला हे सारे नव्याने शिकावे लागते आणि पुष्कळांना ते जमत नाही. हा प्रश्न पुरेशा ग्राहकांनी विचारला, तर दुकानदार तो व्यापाऱ्याला विचारील, आणि अगत्तीत किंवा ऐरोलीत वाढलेल्या पिल्लाला त्याच्या जन्मस्थानाची किंमत मिळेल. बांग्गाईच्या माशाला ती कधी मिळाली नाही.